इथे अडखळा

"शब्द गिळू नकोस गं. आवाज भिंतीपर्यंत पोचू दे."

लहानपणी ताई तिला असं म्हणायची. आई नसलेल्या घरात धाकटीला वाचायला शिकवलं ते ताईनंच. पुढे धाकटीचं पोटही त्या आवाजावरच चाललं. कुठे, कसं, ते तिनं ताईला कधी सांगितलं नाही. 'ऑफिसात वाचायचं काम' एवढंच.

आज ती ताईच्या शिवणखात्यात आली होती. अकराच्या ठोक्याला रेडिओवर जाहिरात लागली, आणि घारीची सावली पडताच पाखरं गप्प व्हावीत तशी चाळीस यंत्रं थांबली.

"शुगर इतकी वाढली होती... की... काय सांगू बाई, डोळ्यांपुढे पोरांची तोंडं दिसायची! आता गोळी नाही, सुई नाही. दहा थेंब, बस्स!" हुंदका देत, धापा टाकत एक बाई सांगत होती.

मग एक भारदस्त पुरुष गरजला, "फक्त पहिल्या शंभर भाग्यवंतांना! आजच फोन करा!"

"तीन महिने झाले, हे शंभर भाग्यवंत काही संपेनात," धाकटी म्हणाली.

"थट्टा नको," काजं करणारी मावशी डाफरली. "आम्ही चौदा जणींनी मागवलेत."

ताईनं चप्पल काढली. अंगठा काळानिळा पडला होता. "दीड महिना झाला शुगरच्या गोळ्या सोडून हे थेंब घेतेय. आधी आग व्हायची, आता काहीच होत नाही. म्हणजे बरं होतंय."

धाकटीनं अंगठा दाबला. ताईला कळलंसुद्धा नाही. धाकटीला रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही.

"तुला हे खरं कशावरून वाटलं?"

"अगं, ती बाई अडखळते. पाठ केलेलं बोलणारी अशी अडखळेल का? आणि आवाज कसा अगदी घरातला वाटतो."

धाकटी उभी राहिली. "शुगर इतकी वाढली होती... की... काय सांगू बाई..."

तोच हुंदका, तीच धाप. मावशीच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"कागदावर लिहिलेलं असतं, 'इथे अडखळा'," धाकटी सपाट आवाजात म्हणाली. "पहिल्यांदा मी नीट वाचलं, तर जाहिरातवाले म्हणाले, फार स्वच्छ झालं, खोटं वाटतं. हुंदका चौथ्या खेपेला जमला. 'आजच' का म्हणतात? उद्यापर्यंत तुम्ही डॉक्टरांना विचाराल म्हणून. ऐकून डोळे भरले म्हणजे ते खरं ठरत नाही, बायांनो. त्या थेंबांत काय आहे, ते कुणी तपासलं, एवढं तरी विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका."

ताईनं तिचा हात घट्ट धरला.

"एवढी आजारी होतीस तू? आणि मला कळवलंही नाहीस?"

"ताई, मला शुगर कधी नव्हतीच. ते थेंब मी जिभेलाही लावलेले नाहीत. ऊठ, दवाखान्यात चल."