टोपीतला पाचवा कागद

अँब्रोज पेल लिस्बनमध्ये वारल्याची बातमी लंडनजवळच्या टेकडीवरच्या गावात पोचली, तेव्हा एडमंड हॅलक शाळेत मुलांकडून लॅटिनची क्रियापदं घोकून घेत होता. तो वर्गाबाहेर आला, अंगणाच्या भिंतीला टेकून रडला, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं. पण रडता रडताच त्याच्या ध्यानात आलं की कित्येक वर्षांत नीट घेता न आलेला श्वास आज आपल्याला पोटभर घेता येतो आहे. मित्र गेल्यावर माणसाला हलकं वाटू नये. एडमंडला मात्र वाटलं. त्याने डोळे पुसले आणि आत जाऊन राहिलेली क्रियापदं पुरी केली.

पेलचं आयुष्य ते केवढं! यार्मथ बंदरातल्या एका शिडं शिवणाऱ्याचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला, लंडनच्या छापखान्यात मुद्रितं तपासून पोट भरणारा. चोवीस वर्षांच्या आयुष्यात कवितांची दोन बारीकशी पुस्तकं. पहिल्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि दुसऱ्याबद्दल एका मासिकाने लिहिलं की कवीने बापाची सुई उगाच खाली ठेवली. त्यावर सगळ्यांत जास्त भडकला तो एडमंड. त्याने रागारागाने सहा पानांचं उत्तर लिहिलं आणि टपालात मात्र टाकलं नाही. पुढे क्षयाने पेलला गाठलं, डॉक्टरांनी दक्षिणेचं ऊन सांगितलं, मित्रांनी वर्गणी काढून त्याला जहाजात बसवलं. आता तेच मासिक काळ्या चौकटीत त्याच्या ओळी छापत होतं. जिवंतपणी तो एडमंडच्या दोन पावलं पुढे असायचा, त्याला गाठण्याची आशा तरी होती. मेलेल्या माणसाला गाठायचं कसं, हे एडमंडला कळेना.

त्यांची मैत्री जमली होती लोव्हेल यांच्या घरी. मिस्टर लोव्हेल तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरत. म्हातारे विधुर, एका कानाने बहिरे आणि दोन्ही कानांनी सोयीपुरतं ऐकणारे. त्यांची मुलगी हेस्टर घर सांभाळायची. दर रविवारी जेवण उरकलं की या घरात सुनीतांचा, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांचा, खेळ चाले. कुणीतरी विषय द्यायचा, हेस्टर वाळूचं घड्याळ उलटं करायची, आणि वाळू खाली येईपर्यंत प्रत्येकाने एक सुनीत लिहून घडी घालून मिस्टर लोव्हेलांच्या जुन्या उंच टोपीत टाकायचं. मग हेस्टर एकेक कागद काढून वाचायची, कुणाचा ते न सांगता. सगळ्यांत सरस ठरेल ते ‘माझं’ असं तोंडाने म्हणणं म्हणजे निव्वळ गावंढळपणा. ज्याचं असेल त्याने फक्त नजर खाली घालायची. हेस्टर ते ओळखायची आणि पहिला चहा स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवायची. बाकीचे कागद शेकोटीत जायचे.

तो पहिला चहा चार वर्षं पेल प्यायला. वाळू अर्धी पडते न पडते तोच त्याचं लिहून झालेलं असे, आणि मग तो खिडकीशी उभा राहून स्वतःशी हसे. एडमंड घाम गाळून चौदाव्या ओळीला पोचे तेव्हा त्याला ते हसणं पाठीवर जाणवे. त्याचं सुनीत दुसरं यायचं, बहुतेक वेळा. दुसरा चहाही गरमच असतो, पण तो घेताना वाटणारा हेवा एडमंडने कधी कुणाला दिसू दिला नाही. शिवाय हेस्टर त्या पोराला ‘अँब्रोज’ म्हणायची, आणि याला ‘मिस्टर हॅलक’.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर खेळ पुन्हा सुरू करायचा आग्रह मिस्टर लोव्हेलांनीच धरला. चौघं जमली: बापलेक, एडमंड, आणि शेजारच्या मिसेस प्राउट, ज्या पुडिंगावर आणि नवऱ्यांवर विनोदी कवनं लिहीत आणि स्वतःच खदखदून हसत. विषय त्यांनीच दिला, हातमोजे. वाळू पडली, कागद टोपीत गेले, हेस्टरने चार वाचले. मग हात पुन्हा टोपीत घातला आणि पाचवा काढला.

त्यात म्हटलं होतं की हातांना हातमोज्यांची आठवण राहत नाही. हातमोजे मात्र खुंटीवर टांगल्यावरही बोटांचा आकार धरून बसतात. आणखी बरंच होतं, साधंच, आणि नवव्या ओळीला ते सुनीत असं काही वळलं की मिसेस प्राउटसारखी बाईही रुमाल शोधू लागली.

“माझ्याकडे नका बघू,” नाक पुसत त्या म्हणाल्या. “मला असं लिहिता आलं असतं तर जन्मभर पुडिंग ढवळत बसले असते का मी?”

“माझ्या सुनीतात तर हातमोजा पहिल्याच ओळीत हरवला, तो काही शेवटपर्यंत सापडला नाही,” मिस्टर लोव्हेल म्हणाले. “पण काय गं, माणसं चार नि कागद पाच?”

“कुणीतरी दोन लिहिली, बाबा. पहिलं जमलं नाही म्हणून दुसरं.”

आणि हेस्टरने एडमंडकडे पाहिलं. ते वळण एडमंडने ओळखलं होतं. जगात एकच माणूस नवव्या ओळीला तसा वळायचा, आणि तो लिस्बनच्या मातीत होता. हेस्टरच्या डोळ्यांना डोळा देणं त्याला जमेना, आणि त्याने नजर खाली घातली.

क्षणभराने पाहतो तो चहाचा पेला त्याच्यापुढे. मिस्टर लोव्हेल टेबलावर थाप मारत म्हणाले, “छुपा रुस्तम निघालास की रे, हॅलक! इतकी वर्षं हे कुठे दडवून ठेवलं होतंस?” तोंड उघडायची वेळ तीच होती. पण बोलायचं तरी काय? त्याने चहा घेतला, आणि खोटं कशाला बोला, तो त्याला फार गोड लागला. निघताना त्याने तो कागद बघायला मागून घेतला. अक्षर त्याचं स्वतःचं होतं. त्याच्या लेखणीचं टोक चिरलेलं होतं, त्यामुळे उभ्या रेघेला उठणारा फराटासुद्धा जिथल्या तिथे होता. आपण एकच सुनीत लिहिलं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. शपथ कुणी मागितली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा पाच निघाले. त्याच्या पुढच्याही. मिसेस प्राउट त्याला ‘दोनकागदी’ म्हणून चिडवू लागल्या, आणि नजर खाली घालायची एडमंडला सवय झाली. हेस्टर त्या सुनीतांच्या नकला करून ठेवायची. मिस्टर लोव्हेलांनी त्या लंडनमधल्या एका ओळखीच्या प्रकाशकाला दाखवल्या, आणि हिवाळा संपायच्या आत एडमंड हॅलकचं पुस्तक निघालं. शाळेचे मुख्याध्यापक, जे आजवर त्याच्या नमस्काराला नुसती मान हलवायचे, ते आता थांबून हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. ज्या मासिकाने पेलला सुईवर बसवलं होतं, त्यानेच लिहिलं की बिचारा पेल जे करू पाहत होता ते हॅलकने करून दाखवलं आहे.

हे वाचून एडमंडने आनंदाने नाचायला हवं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुक त्याच्या नावाचं होतं आणि त्यातला एक शब्दही त्याचा नव्हता. पूर्वी पेलचा हेवा वाटायचा तो निदान समोर बसलेल्या माणसाचा. आता आपल्याच नावाचा, आपल्याच पुस्तकाचा हेवा करत तो खोलीत येरझारा घालायचा. जेवताना, शिकवताना, दाढी करताना पेलखेरीज त्याच्या डोक्यात दुसरं काही नसे. गालफडं बसली. मिसेस प्राउट म्हणाल्या, “कीर्ती खाऊन माणूस जाड होत नाही वाटतं. जरा मटण खात जा, मिस्टर हॅलक.”

मग त्याने चंग बांधला. एकदा, एकदाच, आपल्या हिमतीवर पहिला चहा मिळवायचा. विषय सुचवायची पाळी त्याची होती, तेव्हा त्याने सरळ लबाडी केली: ‘धुकं’ हा विषय मनाशी ठरवून घरीच महिनाभर एक सुनीत घासूनपुसून चकचकीत केलं, पाठ केलं आणि रविवारी ते टेबलावर बसून उतरवलं. चांगलं झालं होतं. खरोखरच चांगलं झालं होतं. आयुष्यात त्याने इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं. घडी घालून त्याने ते स्वतःच्या हाताने टोपीत टाकलं.

हेस्टरने कागद मोजले. चार. गेला, संपला, सुटलो एकदाचा, असं वाटून एडमंडला हसू फुटलं. मिस्टर लोव्हेलांचं धुकं झालं, मिसेस प्राउटचं झालं, हेस्टरचं झालं. चौथा कागद उघडून ती वाचू लागली, आणि दुसऱ्या ओळीलाच एडमंडचं हसू विरलं. नववी ओळ वळली. एडमंडने टोपी उलटी करून पाहिली, टेबलाखाली पाहिलं.

“काय शोधतोस रे?” मिस्टर लोव्हेलांनी विचारलं.

“माझं... माझं एक होतं.”

“अरे, मग हे कुणाचं? एवढ्यावर पोट भरत नाही का तुझं?”

सगळे हसले. हेस्टर हसली नाही. तिने चहा ओतला, पेला त्याच्यापुढे ठेवला, आणि पहिल्यांदाच त्याच्या हातावर हात ठेवला. घरी जाऊन ते धुक्यावरचं सुनीत पुन्हा लिहून काढायचं त्याने ठरवलं, पण महिनाभर घोकलेली एक ओळसुद्धा त्याला आठवली नाही.

जूनमधल्या एका रविवारी तो जेवणाआधीच गेला. हेस्टर मागच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली मटार सोलत बसली होती. एडमंड तिच्यापुढे उभा राहिला. मनात घोळवलेलं सगळं भाषण विसरून त्याने एकदम सांगून टाकलं, “ती सुनीतं माझी नाहीत.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

“कधीपासून?”

“हातमोज्यांपासून.”

एडमंडला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती. “मग दर रविवारी तो पहिला चहा?”

“तो मी त्यालाच देत होते. तुम्ही प्यायलात, त्याला माझी काही हरकत नव्हती.” तिने एक शेंग उघडली, दाणे वाडग्यात पाडले. “तुमचे उपकारच आहेत, मिस्टर हॅलक. त्याचा इतका ध्यास मलासुद्धा घेता आला नाही.”

हे ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. ती मनापासून बोलत होती. या क्षणी तिला काही विचारू नये हे एडमंडला कळत होतं, तरीही पाच वर्षं ओठांवर अडलेलं ते निघूनच गेलं. “आणि मी लग्नाचं विचारलं तर?”

“तर मी हो म्हणेन. मी वाटच बघते आहे.”

“हो म्हणाल कुणाला?”

हेस्टरने मटारांत पडलेलं एक पान वेचून बाजूला टाकलं.

“मी यापुढे येणार नाही,” एडमंड म्हणाला. “यॉर्कला एका शाळेत जागा आहे. तिथे जातो. लॅटिन शिकवीन आणि पुन्हा कधी लेखणी हातात धरणार नाही. तुम्हाला मी हवा असेन, मी, असा दुसरा येणारा, वाईट लिहिणारा, तर आत्ता सांगा. नाहीतर त्याला दुसरं घर शोधू दे.”

तिने वाडगा खाली ठेवला, हात कमरेला बांधलेल्या फडक्याला पुसले आणि उठून त्याच्या अगदी जवळ आली. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. बाहेरून काचेला डोळा लावून खोलीत कोण आहे ते पाहावं, तशी ती त्याच्या डोळ्यांत पाहू लागली. आणि मग, आजवर त्याने तिच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या हळुवार आवाजात, तिने विचारलं,

“यांना जाऊ देशील का रे?”

एडमंडने दात घट्ट आवळले. ओठ मिटून घेतले. काहीही झालं तरी आपल्या तोंडून शब्द फुटू द्यायचा नाही म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखला, आणि शब्द फुटला नाही. बाग शांत होती, आतून मिसेस प्राउटचं हसणं तेवढं अस्पष्ट ऐकू येत होतं. हेस्टर मान किंचित कलती करून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळला, गालांवर लाली चढली, मध्येच ती चक्क लाजली आणि ओठ चावून हसू आवरू लागली, आणि पुढेही कितीतरी वेळ ती तशीच ऐकत राहिली.

“काय म्हणाला तो?” शेवटी न राहवून एडमंडने विचारलं.

हेस्टरने हात पुढे करून त्याचा कलंडलेला गळपट्टा मायेने सरळ केला.

“ते आमच्या दोघांतलं आहे,” ती म्हणाली.