सुलोचनाबाईंच्या लांब ओळी

फाल्गुनातलं ऊन कलतं झालं, की सुलोचनाबाई हदगावच्या घराच्या उंबऱ्यात बसून प्रुफाचा कागद डोळ्यांशी तिरपा धरत, आणि उजेडाने पिवळसर झालेल्या त्या कागदामागे त्यांचा चेहरा सबंध झाकला जाई; दिसत ती फक्त आयुष्यभराच्या खडूने कोरडी झालेली बोटं. मला बाराखडी त्यांनीच शिकवली. त्यांच्या पहिल्या आणि एकुलत्या कवितासंग्रहाची पानं दर रविवारी नांदेडहून एसटीने नेणं माझ्याकडे आलं होतं, आणि खरं सांगतो, त्या फेऱ्यांनी मी थकून गेलो होतो.

काचबिंदूने त्यांची दृष्टी मावळत चालली होती. आपलं पुस्तक आपल्याच डोळ्यांनी, कुणाला वाचायला न लावता वाचायचं, एवढी एकच आकांक्षा त्यांनी उरी धरली होती. पण त्यांच्या ओळी लांब. बांधावरून शाळेला चालत जाता-जाता रचलेल्या, भरल्या कणसासारख्या वाकत जाणाऱ्या. अक्षर त्यांना दिसेल एवढं मोठं केलं, की ओळ पानात मावत नसे आणि शेवटचे दोन शब्द खाली पोरके होऊन बसत. अक्षरजुळणी करणाऱ्या रशीदभाईंनी जाड, सडपातळ, गोल अशी नाना वळणं लावून पाहिली, समास अरुंद केले. पान आडवं केलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे तर हजेरीपत्रक झालं."

अखेर रशीदभाईंनी हात टेकले. "सर, अक्षर मोठं करून राहिलो, तर ओळ तुटून राहिली. दोन्ही न्हाई जमायचं. बाईंनाच विचारा."

मी विचारलं. बाईंनी प्रुफाचा कागद मांडीवर ठेवला. अंगणातल्या शेवग्याच्या वाळल्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या.

"बारीकच ठेव रे," त्या म्हणाल्या. "ओळ तोडू नको. मला तर पाठच हाईत."

मला भरून आलं. पण त्याच्याही आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

पुस्तक आलं, तेव्हा त्यांनी ते उघडून एका ओळीवरून बोट शेवटपर्यंत नेलं. "सरळ हाय," एवढंच म्हणाल्या. ते त्यांना कधीच वाचता आलं नाही. पुढच्या पानगळीत त्या गेल्या.

परवा रशीदभाई सहज बोलून गेले, की ओळी मोडून, मोठ्या अक्षरात, नुसत्या बाईंपुरती एक प्रत घरच्या प्रिंटरवरही काढता आली असती. "अर्ध्या तासाचं काम होतं, सर. तवा सुचलंच न्हाई."

मी मान हलवली. बाई होत्या तेव्हा मला तो अर्धा तास सापडला नाही. आता त्या नाहीत, आणि वेळ नुसता पडून आहे.