आवाजांचा नकाशा

“डोळे मिटा म्हटलं की मिटायचे. किलकिल्या डोळ्यांनी बघणाऱ्याचा नकाशा बाद!”

तिघांनीही डोळे मिटले. ढब्बूने तर इतके घट्ट मिटले की त्याचं नाकसुद्धा वर गेलं. शेजारी चष्मेवाली चष्मा काढून मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिला चिकटून तिचा धाकटा भाऊ. त्याला वर्गाला कुणी बोलावलं नव्हतं. पण ताई जाईल तिथे तो जायचा, म्हणून इमारतीत सगळे त्याला शेपूटच म्हणत.

समोरच्या खुर्चीत भूगोलबाई ताठ बसल्या होत्या. शाळा सुटून बरीच वर्षं झाली तरी त्यांचं नाव काही सुटलं नव्हतं. सुट्टीत दर शनिवारी दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत वर्ग भरे. फी नाही, शिस्त मात्र पुरेपूर. आत्तापर्यंत मुलांनी मिठाच्या पिठाचे डोंगर केले होते, चुंबकावर घासलेली सुई पाण्यात तरंगवून होकायंत्र केलं होतं, आणि पावलं टाकत बाईंच्या अख्ख्या घराचा आराखडा काढला होता. आज आवाजांचा नकाशा होता. कागदाच्या मधोमध फुली मारायची. फुली म्हणजे आपण. मग डोळे मिटून ऐकायचं, आणि ज्या दिशेने आवाज आला त्या दिशेला बाण काढून तो कसला ते लिहायचं.

“आणि ऐकू आलं तेवढंच काढायचं,” बाई म्हणाल्या. “मनाचं एक टिंबसुद्धा नाही. नकाशावर भरवसा ठेवून माणसं चालतात. त्यात खोटं चालत नाही.”

थोड्या वेळाने त्यांनी कागद गोळा केले. रस्त्यावरच्या गाड्या होत्या, गळका नळ होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी आपटलेलं दार होतं. पण तिन्ही कागदांवर एकेक बाण आतल्या भिंतीकडे गेला होता. चष्मेवालीने लिहिलं होतं, ‘कुणीतरी काहीतरी घासतंय.’ ढब्बूने लिहिलं होतं, ‘खोकला, म्हाताऱ्या माणसाचा.’ शेपटाला अजून धड लिहिता येत नव्हतं. त्याने एक गोल तोंड काढून त्याच्यापुढे रेघा मारल्या होत्या.

“हे काय रे?”

“फू करतंय कुणीतरी,” शेपूट म्हणाला, आणि त्याने फुंकर मारून दाखवली.

“एकमेकांचं बघून काढलंत ना?” बाईंनी डोळे वटारले.

“डोळे मिटून कसं बघणार, बाई?” ढब्बूचा मुद्दा रास्त होता.

बाईंनी आतल्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीपलीकडची खोली बंद होती. केर काढण्यापुरतं तिचं दार उघडायचं, टेबलाला कुणी हात लावत नसे; घराच्या आराखड्यातही ही खोली बाईंनी स्वतःच भरली होती. खोली बाईंच्या यजमानांची. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. दिवसभर नळजोडण्यांचे अर्ज बघून आलेला हा माणूस संध्याकाळी त्या खोलीत बसून बाईंच्या शाळेसाठी प्लायवूडचे नकाशे कापायचा. एकेक देश सुटा व्हावा, मुलांनी तो हातात घ्यावा आणि पुन्हा जागच्या जागी बसवावा. बारीक करवतीने कापायचं, कडा पॉलिशपेपरने घासायची, फुंकर मारून भुसा उडवायचा. मग तो भुसा छातीत जाऊन खोकायचं. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अहो, तोंडाला रुमाल बांधा!” आणि ते कधीही बांधायचे नाहीत. ही मुलं इमारतीत राहायला आली त्याच्या आधीच ते गेले होते.

बाईंना स्वतःला त्या दुपारी काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यात नवल नव्हतं. बाईंना कमी ऐकू येतं हे सगळ्या इमारतीला माहीत होतं, फक्त बाईंना मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. मागे एकदा मुलगा परगावाहून आला आणि बेल वाजवून वाजवून थकला. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडायला पहार आणली तेव्हा बाई दार उघडून म्हणाल्या, “हा काय तमाशा?” त्यानंतर मुलाने कानाचं मशीन आणून दिलं, आणि जाताना निक्षून सांगितलं, “आई, एक तर हे घाल, नाहीतर माझ्याकडे राहायला चल. सुट्टी संपली की मी येतोय. तुला असं एकटं ठेवून मला झोप लागत नाही.” मशीनची डबी कपाटाच्या खणात गेली ती तिथेच राहिली. बाई मशीन घालणार नव्हत्या आणि घर सोडून जाणारही नव्हत्या. यातून वाट कशी काढायची याचा त्यांनी विचार केला नव्हता.

पुढच्या शनिवारी बाईंनी मुलांना वेगवेगळं बसवलं. ढब्बू स्वयंपाकघरात, चष्मेवाली बाहेरच्या खोलीत, शेपूट गॅलरीत. “उत्तर दिशा आधी कागदावर नीट खुणेने दाखवा,” त्यांनी बजावलं. मुलं घरी गेल्यावर त्यांनी घराचा आराखडा टेबलावर पसरला, पट्टी घेतली आणि तीन जागांवरून तीन बाण लांबवले. उभं आयुष्य त्यांनी हे शिकवलं होतं. अशा तीन रेघा कधी नेमक्या एका ठिकाणी मिळत नाहीत, मध्ये छोटासा त्रिकोण उरतो. तेवढी चूक माणसाच्या हातून व्हायचीच. आज त्रिकोण उरला नाही. तिन्ही रेघा बंद खोलीतल्या टेबलावर, बसायच्या बाजूला, एका टिंबात मिळाल्या.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. त्या उठल्या आणि खोलीचं दार उघडलं. करवत खिळ्याला लटकत होती. टेबलावर धुळीचा थर होता, त्यावर बोटाचाही ठसा नव्हता. खुर्ची आत सारलेली होती.

“अहो,” बाई म्हणाल्या.

त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटत होता तो राग. परक्यांच्या पोरांना ऐकू येता आणि मला नाही? जन्मभर तुमचा खोकला मी ऐकला, रात्री उठून पाणी मी दिलं, आणि आता ढब्बूला? त्यांना त्या मुलांचा चक्क हेवा वाटला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

खणातली डबी त्यांना आठवली. मशीन घातलं असतं तर लगेच कळलं असतं. पण मशीन घालूनही काही ऐकू आलं नाही तर? आत्ता निदान कानांवर खापर फोडता येत होतं. त्यांनी खण उघडला नाही.

त्यानंतरच्या वर्गाला बाण हलले. तिघांनीही तो आवाज खोलीबाहेर, मधल्या बोळात दाखवला. आता घासणं नव्हतं, फुंकर नव्हती. तिघांनी एकच लिहिलं होतं: पावलं.

“बाई, आत आजोबा असतात ना?” चष्मेवालीने विचारलं.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. आम्हाला वाटलं ते आजारी आहेत, म्हणून तुम्ही दार लावून ठेवता.”

“आता बरे झालेत,” शेपूट म्हणाला. “चालतात.”

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मुलं आपापले कागद रंगवण्यात गढून गेली होती. त्यांच्या दृष्टीने घरातल्या आजोबांनी घरात चालावं यात विशेष काहीच नव्हतं.

मग सुट्टीतला शेवटचा शनिवार आला. सकाळी शेजारणीने येऊन हातवारे करत निरोप दिला, “तुमच्या मुलाचा फोन होता. संध्याकाळपर्यंत पोचतोय. सामान बांधून ठेवा म्हणाला.” ती गेल्यावर बाईंनी खण उघडला, डबी काढली आणि आरशासमोर उभं राहून मशीन कानात बसवलं. घर एकदम अंगावर आलं. फ्रिज गुरगुरत होता, नळ गळत होता, स्वतःच्या साडीची सळसळसुद्धा कानात शिरत होती. बाई कॉटवर बसल्या. म्हणजे इतकी वर्षं हे सगळं चालूच होतं तर.

दुपारी मुलं आली. बाईंनी चौथा कागद घेतला.

“हा कुणाला, बाई?”

“मला. आज मीही काढणार आहे.”

चौघांनी डोळे मिटले. बाईंनी श्वास रोखून कान दिला. गाड्या ऐकू आल्या. शेपटाचं चोंदलेलं नाक, पेन्सिलींची खरखर, वरच्या मजल्यावरचं दार, कुठेतरी रडणारं मूल, सगळं ऐकू आलं. त्या वाट बघत राहिल्या. पाठीला थोडा गारवा जाणवला, पण गारवा म्हणजे आवाज नव्हे. त्यांनी आणखी वाट पाहिली. मग डोळे उघडले.

तिन्ही मुलांच्या कागदांवर आज एक ठळक बाण होता. बाईंच्या खुर्चीला लागून, मागच्या बाजूला.

“श्वास घेत होते,” चष्मेवाली हलकेच म्हणाली. “तुमच्या अगदी मागे उभे राहून. तुम्ही ऐकलंत ना?”

तिन्ही तोंडं बाईंकडे वळली. ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. मुलांना बरं वाटलं असतं, आणि त्यांना स्वतःलाही.

“नाही,” बाई म्हणाल्या. “मला नाही ऐकू आलं.”

मुलांचे चेहरे पडले. ढब्बूने जरा विचार केला आणि आपला कागद बाईंपुढे सरकवला. “माझं बघून काढा, बाई. मी कुणाला सांगणार नाही.”

बाईंना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी ढब्बूच्या डोक्यावर हात ठेवला आणि कागद परत केला. “बघून काढलेलं चालत नाही रे बाबा. जा आता, खेळा.”

मुलं गेली. जिन्यात त्यांचा दंगा खालपर्यंत ऐकू येत राहिला. बाई कागद पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. कागद भरला होता, फक्त फुलीच्या मागची जागा कोरी होती.

मग त्या उठल्या. बंद खोलीत जाऊन त्यांनी टेबलाखालची खुर्ची बाहेर ओढली. ती उचलण्याइतकं बळ हातांत नव्हतं, म्हणून फरशीवरून सरकवत आणली. बोळातून, उंबऱ्यावरून, बाहेरच्या खोलीत. मशीनमधून तो करकर आवाज मेंदूपर्यंत गेला, तरी बाई थांबल्या नाहीत. खुर्ची त्यांनी आपल्या खुर्चीच्या मागे, अगदी लागून ठेवली. पदराने तिची धूळ पुसली.

“बसा आता,” त्या म्हणाल्या. “उभं किती राहणार?”

त्या आपल्या जागी बसल्या आणि पेन्सिल घेतली. तेवढ्यात बेल वाजली. पहिल्यांदा वाजली तेव्हाच त्यांना ऐकू आली. मुलगा आला होता.

“आले रे!” त्यांनी आवाज दिला. पण उठण्याआधी त्यांनी फुलीच्या मागच्या कोऱ्या जागेत एक बाण काढला आणि त्याच्यापुढे शाळेतल्या फळ्यावर लिहायच्या त्या स्वच्छ अक्षरात, ऐकू आलं तेवढंच लिहिलं: ‘खुर्ची सरकली. मागे, अगदी जवळ.’