दोन्ही कानांनी

आत्याच्या खोलीत काहीतरी घुमायचं, पण ते फक्त आत्यालाच ऐकू यायचं. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत ठरवले, तेव्हा बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, बिघाड आणखी वर आहे असा निकाल देऊन टाकला. सोमवारपासून डोक्याच्या गोळ्या सुरू व्हायच्या होत्या.

भाची आवाजाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने खोलीत यंत्र लावलं, तर खरंच खर्जाच्याही खालचा एक क्षीण आवाज सापडला. "यंत्राला कळलं म्हणून माणसाला कळतं होय?" बाबा म्हणाले. शेवटी तिने दोघांनाही प्रयोगशाळेत नेलं.

आवाजबंद खोलीत काचेकडे पाठ करून आत्या बसली. "ऐकू येईल तोवर बटण दाबून धर," असं सांगून भाचीने तिच्या डाव्या कानात नळी बसवली आणि बाहेर येऊन तोच आवाज, अगदी तेवढाच, सोडला. बटण ढिम्म. उजवा कान. तरीही ढिम्म. बाबांनी काचेपलीकडून भुवया उडवल्या. भाचीचं तोंड एवढंसं झालं.

"एकेक कान काय तपासतेस?" आत्या करवादली. "घरी मी एका कानात बोळा घालून बसते का?"

भाचीने कपाळावर हात मारला. एकट्या कानाला थोडक्यात हुकलेला आवाज दोन्ही कान मिळून पकडतात, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची आणि स्वतः मात्र शिरस्त्याप्रमाणे एकेक कान तपासत बसली होती. दिव्याखाली अंधार!

दोन्ही नळ्या बसल्या, आवाज सुटला आणि बटणाचा दिवा लागला.

"अंदाजाने दाबतेय," बाबा म्हणाले.

"मग तुम्हीच चालवा."

बाबा इरेला पेटले. आवाज सुरू केला, दिवा लागला. बंद केला, विझला. पुन्हा सुरू करायची वेळ झाली तरी ते मुद्दाम नुसतेच बसून राहिले, पण आत्या फसली नाही. भाचीला आनंदाने उड्या मारायच्या होत्या, ती कशीबशी खुर्ची धरून उभी राहिली.

मग बाबा उठले, आत गेले आणि बहिणीच्या कानांतल्या नळ्या त्यांनी स्वतः काढल्या.

"ताई, कसा येतो गं तो आवाज?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आत्याला रडू फुटलं. बोलता येईना, म्हणून तिने भावाच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तो आवाज येतो तसा, सावकाश, थोपटून दाखवला.