टेलचा देश

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्यापुढं ताटाएवढा युरोपचा नकाशा आहे आणि त्यात चिंचोक्याएवढा एक देश, मोल्दोव्हा. तुमची बहीण तिथं डॉक्टरकी शिकायला जाणार की नाही, हे तुमच्या उत्तरांवर ठरणार आहे.

सणसरच्या अकरा वर्षांच्या शहाजादीवर ही वेळ आली. परवीनआपाची इथल्या कॉलेजातली जागा तीनदा हुकली होती. आता एवढी एकच उरली. बारामतीच्या एजंटाला दुपारी बारापर्यंत उत्तर हवं होतं, आणि ते देणार होते दादाजी.

दादाजी, म्हणजे चाँदभाई, जन्मभर कालव्यावर पाटकरी. पाण्याची दारं उघडायची, बंद करायची. घरातल्या मुली द्यायच्या गावाची पारख ते एकाच रीतीनं करत: गाव चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, तोंडाला की टेलला, म्हणजे शेवटाला, आणि वरचं दार कुणाच्या हातात. परवीन लपवाछपवी करील म्हणून त्या देशाची माहिती बघायला मोबाईल त्यांनी शहाजादीकडं दिला.

“इचारल्यालं तेवढंच सांग. वीज कुठनं येती त्यांची?”

“बरीचशी भायेरनं.”

“शेजारी कसं हायेत?”

“एकाकडं लढाई चाललीया.”

“आन् गावात एकी?”

“निम्मी म्हणत्यात युरोपाकडं चला, निम्मी न्हाय म्हणत्यात. एक पट्टा तर राजधानीचं ऐकतच न्हाय. तितं रशियाचं सैनिक हायेत.”

“टेलचं गाव,” दादाजी म्हणाले. “वरच्यानं दार लावलं की संपलं.”

परवीन उसळली. “मी काय तितं ऊस लावाया चाललेय व्हय? शेजारच्या विजयमालाकाकूंची पोरगी शिकतीच की तितं!”

“शिकत आसंल. आजवर दार उघडं हाय म्हणून. टेलची माणसं लई बघितली मी. पाया पडत्यात, मोर्चं काढत्यात. दार वरचाच उघडतो, पोरी.”

तिथले दवाखाने चालू आहेत, परदेशातली मुलं शिकताहेत, हेही शहाजादीच्या मोबाईलवर दिसत होतं. पण ते कुणी विचारलं नव्हतं. ती धीर गोळा करेपर्यंत दादाजींनी मोबाईल घेऊन एजंटाला नकार कळवलासुद्धा.

परवीन आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली. शहाजादी दारात आली.

“आपा, तितलं दवाखानं चालू हायेत. सांगायचं ऱ्हायलं.”

“आता कुणाला सांगतीस?” परवीन वळलीसुद्धा नाही.

शहाजादीनं खाटेखालची नवी बॅग ओढली. तिच्यातला, तिथल्या थंडीसाठी घेतलेला आपाचा जाड स्वेटर काढून अंगात घातला आणि तापलेल्या पत्र्याखाली, आपाच्या पाठीला पाठ लावून ती निजून राहिली.