मी वाजले नाही ती सकाळ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पोटात बुचाची गोळी आणि अंगात खोड्या, एवढीच माझी इस्टेट.

एका छोट्या कारखान्यातून मी थेट चारुलताबाईंच्या गळ्यात आले. बाई वाशीच्या एका शाळेत पीटी शिकवायच्या. माझ्या एका आवाजावर चारशे पोरं ताठ उभी राहायची. एकदा तर हेडमास्तरही दचकून ताठ झाले होते. पुढे बाई रिटायर झाल्या आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. तीन वर्षं सेफ्टी पिना आणि संपलेले सेल यांच्या संगतीत पडून होते. अंगावर हिरवे डाग चढले, पण कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग बाईंनी कोपरखैरण्याच्या बागेत बायकांचा व्यायामाचा ग्रुप काढला. मला चिंचेने घासलं आणि रोज सकाळी साडेसहाला माझा दंगा सुरू झाला. बाकावर प्राणायामाच्या नावाखाली पेंगणाऱ्या नंदकिशोरकाकांना दचकवणं हा माझा आवडता उद्योग.

बाईंचा नियम मात्र कडक होता. सलग शंभर दिवस आलात तर बागेतल्या फळ्यावर नाव. एक खाडा झाला की पुन्हा एकपासून. ताप, पाहुणे, लग्न, कसलीच सूट नाही. ग्रुपमधली क्षिप्रा सत्त्याण्णवावर पोचली होती. तिला पाचवा महिना होता. डॉक्टरांना विचारूनच ती यायची आणि बाई तिच्याकडून बेताबेताने करून घ्यायच्या. पोरगी मोठी जिद्दीची.

त्या सकाळी ती नेहमीसारखीच आली, पण हसत नव्हती. मी वाजले, सगळ्यांचे हात वर गेले. क्षिप्राचा कुर्ता जरासा वर सरकला आणि मला पोटावर छोटी गोल पट्टी दिसली. पुढचा व्यायाम होता पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन बैठका.

बाईंनी हात खाली घ्यायला मला फुंकलं. मी गोळी अडकवून धरली. फुस्स. पुन्हा फुंकलं. फुस्स. खरं सांगते, मुद्दाम केलं.

सगळ्यांचे हात वरच राहिले. घणसोली गावच्या यशोदाबाई करवादल्या, "बाई, शिट्टीला पन सुट्टी पायजे हाय. आमचं हात आता गलून परतील."

बाईंनी मला झटकत रांगेवर नजर फिरवली आणि ती पट्टी त्यांनाही दिसली.

"क्षिप्रा, हे काय गं?"

"काही नाही बाई. काल बाळाच्या भोवतीच्या पाण्याची तपासणी झाली. सुईने थोडं पाणी काढलं, एवढंच."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

क्षिप्राने पायाशी ठेवलेल्या बाटल्या उचलल्या. "दोन दिवस आराम. वजन उचलायचं नाही. पाणी गेलं, रक्त दिसलं, पोटात कळ आली, ताप आला, तर लगेच फोन. पण तीनच दिवस राहिलेत ना बाई."

"मंग बालाला तरास देऊन फल्यावर नाव लिवशील काय गो?" यशोदाबाई म्हणाल्या आणि पटकन तिच्या हातातल्या बाटल्या काढून घेतल्या. "आता दुखतंय काय?"

"नाही. पण भीती वाटतेय."

बाई तिच्याजवळ गेल्या. चारशे पोरांना गप्प करणारी ती बाई हळू आवाजात म्हणाली, "चूक माझी. नियम मी केला, त्यात आजारपणाला जागाच ठेवली नाही. आता डॉक्टरांना फोन लाव. आणि दोन दिवस घरी पडून राहणं, हाच तुझा व्यायाम. तुझी हजेरी मी लावणार."

डॉक्टर फोनवर आधी थोड्या रागावल्या. मग सगळं विचारून घेतलं आणि तिला घरी पाठवलं. मित्रांनो, रोज धावणाऱ्या माणसाला थांबणं किती जड जातं, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. तरी ती थांबली. शंभर दिवस येण्यापेक्षा मला तेच मोठं वाटतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हळूहळू चालायची परवानगी दिली. क्षिप्राने बागेची एकच फेरी मारली, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. बाई तिच्या पावलाशी पाऊल जुळवत बाजूने चालल्या. मी बाईंच्या गळ्यात होते, पण त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. नंदकिशोरकाका शांत झोपले होते.

मित्रांनो, वाजत राहणं माझं काम आहे, तुमचं नाही. शरीर थांबायला सांगेल तेव्हा थांबा. आणि कोणी थांबलेलं दिसलं तर आळशी म्हणू नका, बसायला जागा द्या.