तोझाचं कडवं

सेंकाला गाणी रागात सुचत. प्रेमात पडली की तिच्या हातून दोन ओळी धड उतरत नसत, पण कुणी तिचं डोकं फिरवलं की संध्याकाळपर्यंत चालीसकट गाणं तयार. तिच्या बँडमधले दोघं हे चांगलं ओळखून होते. ड्रम वाजवणारा चोंगोर तर म्हणायचा, हिला एखादा शांत नवरा मिळाला तर आपला धंदा बसेल.

बँडचं नाव 'तिसरा पूल'. तिघंही सर्बियातल्या झ्रेन्यानिन गावची. सेंका लिहायची, गायची आणि गिटार वाजवायची. मिलूतिन अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा आणि कार्यक्रम ठरवण्यापासून गाणं रेडिओवाल्यांच्या गळी उतरवण्यापर्यंत सगळं तोच बघायचा. चोंगोर गाडी चालवायचा. गाडी त्याच्या मामाची, आधी पाव पोचवणारी. दारावर रंगवलेला पाव अजून पुसला गेला नव्हता, त्यामुळे एखाद्या गावात सकाळी गाडी उभी असली की बायका काच वाजवून विचारत, आज गोल पाव आहे का. त्यांच्या पाठीशी कुठली कंपनी नव्हती. थंडीत मिलूतिनच्या आजोळच्या तळघरात गाणी रेकॉर्ड करायची, आपली आपणच नेटवर टाकायची आणि मग ती घेऊन गावोगाव फिरायचं. खानावळींची अंगणं, सांस्कृतिक भवनं, एकदा तर घोड्यांचा बाजार. बोलावलं की जायचं.

मागच्या शरदात त्यांना किकिंडाला बोलावणं होतं. नोवी सादहून येताना जवळचा रस्ता म्हणून चोंगोरनं गाडी तिसा नदीच्या काठाला आणली. तिथं पूल नाही, गाड्या नेणारा तराफा आहे, नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला धरून तो ये-जा करतो. तराफा पलीकडच्या काठाला होता. तराफेवाल्याच्या खोपटाबाहेर टेबल मांडलेलं होतं आणि तिथं एक जाडगेला माणूस जेवत बसलेला दिसत होता. बाजूच्या खांबाला लाल सदरा वाळत घातला होता. अलीकडच्या काठावरच्या पाटीवर तराफेवाल्याचं नाव होतं, तोझा. चोंगोरनं आधी सर्बियनमधून हाका मारल्या, मग हंगेरियनमधून मारल्या, आणि शेवटी हंगेरियनमधून जे काही बोलला त्या हाका नव्हत्या. त्या माणसानं एकदा चमचा वर करून हलवला आणि परत ताटात बुडवला. पुलाचा लांबचा वळसा घेऊन तिघं किकिंडाला पोचले तेव्हा त्यांच्या जागी गावातला बँडबाजा वाजत होता आणि लोक खुशीत नाचत होते.

परतीच्या वाटेवर, गाडीतच, गाणं झालं.

तोझा जेवतो, नदी वाहते,
आमची गाडी उभी राहते.
लाल सदरा काठीला,
तोझा चिकटला वाटीला.

मिलूतिननं त्याला अशी उडती चाल लावली की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलावेत. हिवाळाभर जिथं गेले तिथं लोकांनी तेच मागितलं. 'तोझा जेवतो' ही ओळ दुसऱ्यांदा आली की सगळे ओरडायचे, "तोझा, ये की रे!" कुणीतरी फोनवर टिपून ते पसरवलं आणि गाणं अजून बाहेर यायचं असताना लोकांना तोंडपाठ झालं. मिलूतिनचा आनंद गगनात मावेना. पक्कं रेकॉर्डिंग झालं, मे महिन्यातला एक शुक्रवार ठरला, नोवी सादच्या रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमात ते वाजवायचं कबूल झालं. आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, त्यांचा कार्यक्रम होता त्या तराफ्याच्या पलीकडच्या गावात, नदीकाठच्या खानावळीत.

मिलूतिननं हे मुद्दाम जुळवलं होतं. सेंकाला मात्र काठ जवळ आला तसं तिथं जाणं नको वाटायला लागलं. तिनं चोंगोरला सुचवून पाहिलं की पुलावरून जाऊ या. तो म्हणाला, एवढा वळसा घेऊन परत आपल्या जागी बँडबाजा वाजलेला बघायचा नाही मला.

या खेपेला तराफा अलीकडेच उभा होता. जाडगेल्या माणसानं काही न बोलता हातानं खूण करून गाडी वर घेतली, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि इंजिन चालू केलं. दुसरी गाडी नव्हती. सेंका खाली उतरून कठड्याला टेकून उभी राहिली. नदी वसंतातल्या पाण्यानं फुगलेली होती. त्यानं आपल्याला ओळखलं नाही असं तिला वाटलं आणि जरा हायसं झालं. तेवढ्यात ऐन मध्यावर त्या माणसानं इंजिन बंद केलं.

"पावाची गाडी," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं एक दिवस याल."

खाली पाणी तराफ्याला थपाथप लागत होतं.

"म्हणा आता," तोझा म्हणाला. "सगळं जग मला ऐकवतं. बनवणाऱ्यांच्या तोंडून एकदा ऐकू द्या."

पळून जायला जागा नव्हती. सेंकानं गाडीतून गिटार काढली. मिलूतिननं अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवलं, पण त्याचा चेहरा दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखा झाला होता. त्यांनी गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. 'ये की रे' म्हणायला कुणी नव्हतं, तर तिथं चोंगोरनं आपला घसा खाकरला. तोझा कठड्यावर बसून ऐकत होता. संपल्यावर त्यानं मान डोलावली.

"चाल झकास आहे," तो म्हणाला. "मी रागावलेलो नाही, पोरी. मोटारसायकलवाले येतात, त्या काठावरून ओरडतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. पाद्रीबाबा चर्चमधून बाहेर पडताना गुणगुणतात. चालायचंच. पण तो सदरा नव्हता."

"म्हणजे?" सेंकानं विचारलं.

"लाल फडकं होतं ते. तराफा बंद आहे, पुलावरून जा, असा त्याचा अर्थ. या नदीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

चोंगोर खाली बघत म्हणाला, "मी ते बघितलं होतं. मला वाटलं, धुणं आहे."

मग तोझानं बाकीचं सांगितलं, फार न रंगवता. त्याची बायको कातित्सा ग्राझला असते, ऑस्ट्रियात, एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला. नाताळला येते, कधी उन्हाळ्यात. त्या शरदात बाईंच्या मुलीला अचानक सुट्टी मिळाली, म्हणून कातित्साला दोन दिवस मोकळे मिळाले आणि दोन्ही जाण्यायेण्यातच जाणार होते. तरी ती आली. तिला नवऱ्याबरोबर मिळाली ती एक दुपार. तोझानं सकाळी मासे आणले, स्वतः रस्सा केला, फडकं चढवलं आणि दोघं जेवायला बसली. ती त्याच्या समोर, नदीकडे तोंड करून बसली होती. अलीकडून बघणाऱ्याला तोझाच्या अंगाआड ती दिसली नसेल, किंवा कुणी नीट बघितलं नसेल.

"ग्राझमध्ये कुणीतरी तिला गाणं ऐकवलं," तोझा म्हणाला. "पोट धरून हसली. फोनवर मलाच म्हणून दाखवलं. आणि मग म्हणाली, तोझा, मी त्यात कुठंच नाही रे."

त्यानं इंजिन चालू केलं.

खानावळीच्या अंगणात अक्रोडाखाली सामान उतरवता उतरवता भांडण झालं. सेंका म्हणाली, कातित्साचं कडवं आल्याशिवाय गाणं शुक्रवारी बाहेर जाणार नाही. मिलूतिननं हातातली अ‍ॅकॉर्डियनची पेटी खाली ठेवली. गाणं सगळीकडे पाठवून झालंय, रेडिओवाली बाई वाट बघतेय, असा योग पुन्हा येत नाही, हे सगळं त्यानं शांतपणे सांगून बघितलं आणि मग शांतपणा सोडला.

"अगं, गाणं आहे ते, पोलिसातला जबाब नव्हे. सदऱ्याचं फडकं झालं म्हणून कुणाचं काय बिघडतं?"

"सदऱ्याचं नाही बिघडत," सेंका म्हणाली. "त्या बाई एवढ्या लांबून आल्या आणि आपल्या गाण्यानं त्यांना टेबलावरून उठवलं."

मिलूतिननं चोंगोरकडे बघितलं. चोंगोर म्हणाला की त्याचं मत विचारू नये, कारण धुणं म्हणणारा तोच होता. मिलूतिन नदीकडे तोंड करून दोन सिगारेटी ओढेपर्यंत उभा राहिला. मग येऊन म्हणाला, "लिही. पण चालीला हात लावायचा नाही."

सेंकाची खरी पंचाईत आता होती. राग उरलाच नव्हता आणि रागाशिवाय तिला लिहिता येत नव्हतं. अक्रोडाखाली बसून तिनं जे लिहिलं ते सगळं गोडगोड निघालं. विरह, वाट पाहणं, डोळ्यांतलं पाणी. तिनं ते खोडलं. शेवटी ती उठून खोपटाकडे गेली आणि तोझाला विचारलं, त्या दिवशी तुम्ही दोघं बोललात काय. तोझानं डोकं खाजवलं. बोललो कुठे, म्हणाला, तिला भूक लागली होती. प्रवासात तिनं काही खाल्लं नव्हतं. मला म्हणाली, तिखट जास्त झालंय, आणि तीनदा वाढून घेतलं. पलीकडून कुणी हाका मारतंय म्हणून मी उठायला लागलो तर तिनं माझी बाही धरली आणि म्हणाली, बस.

सेंका परत आली ती कडवं घेऊनच.

लाल फडकं उगाच नव्हतं,
आज घरी माणूस होतं.
एकाची दोन ताटं झाली,
नदीनंही वाट पाहिली.

मिलूतिननं ते एकदा वाजवून पाहिलं, भुवया उंचावल्या आणि तिसऱ्या ओळीला पेटी अगदी हळू केली, इतकी की नुसता श्वास ऐकू यावा. चालीला हात त्यानंच लावला. कुणी त्याला तसं बोलून दाखवलं नाही.

कार्यक्रम उन्हं असतानाच सुरू झाला. सगळं गाव लोटलं होतं. पाद्रीबाबा पुढच्या बाकावर होते. सेंकानं सांगितलं की गाण्यात एक चूक होती, ती दुरुस्त केलीय, आणि हे रेकॉर्ड होणार आहे, तेव्हा 'ये की रे' जोरात म्हणा पण वेळेवर म्हणा. चोंगोरनं माइक अक्रोडाच्या फांदीला टांगला. तोझा आला नव्हता. त्याला तराफा टाकून येता येत नाही, असं कुणीतरी म्हणालं. पहिलं कडवं चालू असतानाच तो अंगणाच्या फाटकातून आत आला, हात पुसत, स्वच्छ सदरा घालून. लोकांनी वाट करून दिली. नवीन कडवं आलं तेव्हा बाकांवरचे लोक पुढे वाकले. गावातल्या किती घरांतून कुणी ना कुणी ग्राझला, लिंझला, म्युनिकला होतं. एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला आणि तिच्या शेजारणीनं तिला कोपरानं ढोसून हसवलं. तेवढ्यात नदीच्या पलीकडच्या काठावरून एका मोटारीनं हॉर्न दिला, एकदा, दोनदा, आणि मग हात न उचलता. तोझा जागचा हलला नाही. सगळं अंगण हसत सुटलं आणि शेवटचं 'ये की रे' त्या हसण्यातच बुडालं.

ते रेकॉर्डिंग त्यांनी तसंच ठेवलं, हॉर्नसकट. रेडिओवाली बाई मिलूतिनवर रुसली आणि पुढच्या आठवड्यात तिनंच ते सलग दोनदा वाजवलं. गाणं काही जगभर गाजलं नाही. पण बसचालकांनी ते उचललं, आणि बसमधून ते सरहद्दी ओलांडून गेलं. जूनमध्ये मिलूतिनला ग्राझहून फोन आला. तिथं आपल्याकडच्या लोकांचं एक मंडळ होतं, ते बागेत रविवारचा कार्यक्रम करत. फोनवरच्या बाईंना 'पावाची गाडी' एवढंच ठाऊक होतं, बँडचं नाव नाही.

ग्राझच्या त्या बागेत सेंकानं कातित्साला लगेच ओळखलं, कारण तोझानं निघताना तिच्यासाठी वाळलेल्या मिरच्यांची माळ दिली होती आणि सांगितलं होतं, चाकाच्या खुर्चीतल्या बाईंबरोबर असेल. कातित्सा बारीक, काटक बाई होती. तिनं माळ घेतली, हुंगली आणि खुर्चीच्या मुठीला अडकवून टाकली. गाणं झाल्यावर ती सेंकाजवळ आली. सेंकाला वाटलं, आता रडेल, आणि आपल्यालाही रडू येईल.

"छान झालंय," कातित्सा म्हणाली. "फक्त ताटं दोन नव्हती. धुवायला कोण बसणार होतं, बस सुटायला वेळ कुठे होता? एकाच भांड्यातून खाल्लं आम्ही."

मिलूतिननं पेटी बंद करून तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, आता गाणं बदलायचं नाही. माझ्यावर दया करा." कातित्सा खो खो हसली. तिचं हसणं ऐकून खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईही हसायला लागल्या. एक अक्षर न कळता त्यांनी गाणंभर टाळ्या वाजवल्या होत्या आणि 'तोझा' म्हणून सगळ्यांच्या आधी ओरडल्या होत्या, दोनदा चुकीच्या जागी.

सामान गाडीत भरताना सेंका सारखी त्या म्हाताऱ्या बाईंकडे वळून बघत होती. चोंगोरनं ते हेरलं.

"त्यांच्यावर लिहिणार असशील," तो म्हणाला, "तर आधी विचारून ये."

सेंका गेली. कातित्सानं तिचं म्हणणं जर्मनमधून बाईंना सांगितलं. बाईंनी विचार केला, टोपी नीट केली आणि लांबलचक काहीतरी बोलल्या.

"म्हणतात, खुशाल लिही," कातित्सानं सांगितलं. "पण त्यात त्यांना नाचता आलं पाहिजे. आणि चाल जलद ठेव, त्यांना रडकी गाणी आवडत नाहीत."

सेंका गाडीत पुढच्या सीटवर बसली. परतीचा मारिबोरचा रस्ता धरेपर्यंत ती खिडकीच्या काचेवर बोटांनी ठेका धरत होती, आणि ती रागावलेली नव्हती. मिलूतिन मागून म्हणाला की ठेका बरा आहे, पण थोडा अजून जलद हवा.